लेक माहेरी येण्याआधी रांजण घासा

आयाबायांनो, जावई चाकण-भोसरीकडे कंपनीत आणि लेक सातव्या महिन्यात माहेरी, असं आता घरोघरी आहे. आपण बाज आवळून ठेवतो, गाईचं दूध लावतो. मोरीतल्या रांजणाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

२०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी एका बाईंना ताप आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत झिका निघाला. महाराष्ट्रातला हा पहिला रुग्ण, आणि तोही खेड्यातला. त्या बाई बऱ्या झाल्या. पुढे २०२४ साली पुण्यात शंभरावर लोकांना झिका झाला. त्यांत गरोदर बायका पुष्कळ होत्या.

हा ताप तसा सौम्य. पाचांतल्या चौघांना तर कळतही नाही. भीती आहे ती पोटातल्या बाळाची. २०१५ साली ब्राझीलमध्ये लहान डोक्याची, मेंदूची वाढ खुंटलेली मुलं जन्मली, तेव्हा हे जगाला उमगलं. झिका झालेल्या प्रत्येकीचं मूल अधू होतं असं मुळीच नाही. पण औषध नाही, लस नाही, म्हणून डास टाळणं हाच उपाय.

हा डास डेंग्यूचाच. पायांवर पांढरे पट्टे, चावतो दिवसा. गटारात नव्हे, आपल्या साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पिंपरी-चिंचवडला २०१९ साली दिवसाआड पाणी सुरू झालं तशी खोल्याखोल्यांतून पिंपं भरून राहू लागली. गावाकडे रांजण, गुरांचा हौद, कडब्यावरच्या ताडपत्रीला दाबलेले जुने टायर. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या काठाला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात. तेव्हा आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, आणि काथ्याने आतून खसाखसा घासा. (हे काम पोटुशीला लावू नका. घरात गडी माणसं आहेत की!) हौद उपसणं जमत नसेल तर आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडा. लेक दुपारी लवंडली तरी मच्छरदाणी हवी.

ताप आला, अंगावर पुरळ उठलं, डोळे लाल झाले, तर मनानं गोळी देऊ नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या आणि कितवा महिना ते सांगा. रक्त-लघवी तपासतील. झिका निघालाच तर सोनोग्राफीने बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवतात.

एक गोष्ट आपल्याकडे बोलत नाहीत. झिका नवऱ्याकडूनही बायकोला होतो, त्याला ताप आलेला नसला तरी. म्हणून साथीच्या भागातून जावई सुट्टीला येत असतील तर बाळंतपणापर्यंत निरोध वापरावा, नाहीतर वेगळं निजावं. बेलसरला निरोध वाटले ते याचसाठी. सासूनं जावयाला हे कसं सांगायचं? लेकीच्या कानात सांगा, नाहीतर आशाताईंना पुढं घाला.