शिकाऊ म्हणता, मग शिकवा!

परवा कसारा लोकलमध्ये उंबरमाळीचा एक मुलगा भेटला. आयटीआय केलेला फिटर. आसनगावकडच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागून आठ महिने झालेत. काय शिकलास, विचारलं. म्हणाला, "भाई, माल उचलायला शिकलो." आजूबाजूचे हसले. मला हसू आलं नाही.

दोस्तांनो, १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा एकदा वाचा. कलम १८ सांगतं, शिकाऊ उमेदवार कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. म्हणून कामगार कायदे त्याला लागू नाहीत. मालकांना हे बरोबर लक्षात राहतं. पण कलम ११ सांगतं, त्याला त्याच्या ट्रेडचं प्रशिक्षण देणं ही मालकाची जबाबदारी आहे. कलम १५ प्रमाणे सरकारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइमला थांबवता येत नाही, आणि ती मंजुरीही प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हितासाठीच मिळते. सौदा साफ आहे: कामगाराचे हक्क सोडायचे, बदल्यात हुन्नर मिळवायचा. हुन्नरच मिळत नसेल, तर उरते फक्त स्वस्त मजुरी.

पण सगळा दोष मालकाचा म्हणून सुटका नाही. गॅरेज असो वा लेथ, "उस्ताद सांगतील तेव्हा शिकू" ही आपली जुनी खोड. प्रश्न विचारला की बेअदबी! मीही तसाच होतो. पहिल्या नोकरीत सीनियर माझ्या कोडमधली चूक गुपचूप दुरुस्त करायचे, मी शुक्रिया म्हणून गप्प. पुन्हा तीच चूक. शेवटी वही केली: काय बिघडलं, मला काय वाटलं, खरं कारण काय निघालं. ती वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो, तेव्हा कुठे शिकायला लागलो.

कलम १२ तर मन लावून शिकणं हे उमेदवाराचं कर्तव्यच ठरवतं. मग मागा ना! कराराची प्रत मागा. रोज काय काम केलं ते तारखेसह लिहा. महिनाभर फक्त ओझी वाहिली असतील, तर ते त्या वहीत दिसेल, आणि सल्लागाराकडे तक्रार करताना तीच कामी येईल. एकाच डब्यातून जाणाऱ्या दोघांनी एकमेकांना शिकवा. आणि ॲडमिशनची फी भरून समाधान मानणाऱ्या आपल्या जमातींनी नोकरी लागल्यावरही विचारावं: बेटा, या महिन्यात काय शिकलास?

उंबरमाळीच्या त्या भावाला एवढंच सांगेन: गेलेले आठ महिने परत येणार नाहीत. उरलेले तुझे आहेत. कुणाला फुकट देऊ नकोस.