पारोळ्याचा किल्ला, बाखचे ‘मॅथ्यू पॅशन’ आणि ध्वनिमुद्रणांची पारख

पारोळ्याचा भुईकोट १७२७ सालचा. जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी बांधलेला. त्याच वर्षी ११ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या सायंप्रार्थनेत, जर्मनीतील लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये योहान सेबास्टियन बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ प्रथम गायले गेले. या दोहोंत संबंध काहीही नाही. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्हीकडे एकच प्रश्न पडतो : मूळ रूप कसे होते आणि ते कशावरून ठरवायचे?

किल्ल्याचे उत्तर निदान दगडांत आहे. १८५९ मध्ये इंग्रजांनी तो मोडला, तरी तट, बुरूज आणि खंदक यांवरून त्याचा अंदाज बांधता येतो. संगीताचा कागद उरतो, आवाज उरत नाही.

या रचनेत गायकवृंद दोन, वाद्यवृंदही दोन. आरंभी एक वृंद हाक देतो, दुसरा ‘कोणाला?’, ‘कसे?’ असे विचारतो आणि वर तिसरेच स्तोत्र तरंगत राहते. दिंडीत समोरासमोर उभ्या असलेल्या टाळकऱ्यांची आठवण व्हावी, अशी ही मांडणी. प्रश्न एका बाजूने आणि उत्तर दुसऱ्या बाजूने ऐकू येते का, ही ध्वनिमुद्रणाची पहिली कसोटी.

ऑटो क्लेम्परर यांच्या १९६१ च्या मुद्रणात हे एकच समूहगान पावणेबारा मिनिटे चालते. त्याची भव्यता निर्विवाद. पण ती बाखची नव्हे, एकोणिसाव्या शतकाची. मेंडेल्सोनने ११ मार्च १८२९ रोजी बर्लिनमध्ये दीडशेहून अधिक गायक उभे करून ही रचना पुन्हा लोकांसमोर आणली. (तेव्हा तिचे वर्ष १७२९ मानत, १७२७ हे वर्ष जोशुआ रिफकिन यांनी १९७५ मध्ये पुढे आणले.)

याच रिफकिन यांनी १९८१ मध्ये प्रत्येक स्वरपट्टीला एकच गायक असे, असा सिद्धान्त मांडला. पॉल मॅक्रीश यांचे २००३ चे मुद्रण त्यावर उभे आहे. शब्द न् शब्द स्वच्छ. परंतु खवळलेला जमाव मूठभर कंठांत मावत नाही. शिवाय २३ ऑगस्ट १७३० च्या अर्जात बाखने नगरपरिषदेकडे प्रत्येक पट्टीला किमान तीन, शक्यतो चार गायक मागितले होते. तो केवळ हजेरीपट होता, हे रिफकिनपक्षाचे उत्तर चतुर आहे, निर्णायक नाही.

म्हणून निकोलाउस हार्नोनकूर्ट यांचे १९७० चे मुद्रण आधी ऐकावे. लाइपझिगच्या चर्चमध्ये स्त्रिया गात नसत. इथेही वरच्या पट्ट्या मुलांनीच गायल्या आहेत. जुनी वाद्ये क्वचित खरखरतात, मुलांचा श्वास कधी तोकडा पडतो. तरीही जमाव ‘बरब्बा’ असा एकच शब्द ओरडतो, तेव्हा त्या कोवळ्या गळ्यांतून निघालेली हिंस्र किंकाळी क्लेम्परर यांच्या सगळ्या भव्यतेपेक्षा अंगावर येते.