पाहणे आणि पाहुणे होणे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे सहलीच्या आठवणी मागितल्या होत्या. आठवणी लिहिणे सुखाचे असते. परंतु ज्या सहलीच्या आठवणी लिहावयाच्या, ती यापुढे असावी की नसावी याचाच विचार विद्यालयात चालू असताना केवळ आठवणींत रमणे मला योग्य वाटले नाही. दीर्घ सहल बंद करून तिच्या जागी तीन दिवसांत नऊ ठिकाणे दाखवणारी आणि शेवटचा दिवस जलक्रीडा उद्यानात घालवणारी सहल काढावी, असा प्रस्ताव आहे. तो मांडणारे आपले हितचिंतकच आहेत. खर्च, मुलांच्या सुरक्षिततेची काळजी आणि शिक्षकांवर पडणारा भार ही त्यांनी दिलेली तिन्ही कारणे खरी आहेत. तरीही मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे. का, ते सांगण्यासाठी २०२३च्या दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या बेचाळीस मुलामुलींना घेऊन आम्ही पाच शिक्षक मेघालय आणि तवांगला गेलो होतो, त्या अठरा दिवसांचा आधार घेतो.

प्रथम सुट्टीविषयी. दिवाळीत वसतिगृह रिकामे होते, असे नियमावलीत लिहिलेले आहे. प्रत्यक्षात आपल्या अनेक मुलांचे आईवडील त्याच सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेले असतात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. घराला कुलूप असते, नाहीतर घरी एकटी आजी असते. सुट्टी लागली की इतर मुले पिशव्या भरू लागतात आणि ही मुले आपल्याला काही घाईच नाही असे दाखवत फिरतात. दीर्घ सहलीची कल्पना मुळात या मुलांपाशी सुरू झाली, हे आज प्रस्तावाच्या कागदावर कोठेच दिसत नाही, म्हणून आधी सांगितले.

भुसावळला आम्ही गीतांजली एक्स्प्रेसमध्ये बसलो, हावड्याला गाडी बदलली आणि गुवाहाटीला उतरलो. या प्रवासात, खरे सांगायचे तर, आम्ही कोठेच गेलो नव्हतो. वसतिगृहच डब्यात बसून निघाले होते. तेच गट, तीच चिडवाचिडवी, खिडकीवरून तीच भांडणे. ब्रह्मपुत्र पाहून एकाने विचारले, "सर, गोदावरीपेक्षा मोठी का?" त्याला नदी म्हणत नाहीत, तो नद, पुल्लिंगी, असे मी सांगितले, त्यावर दिवसभर विनोद झाले आणि पाण्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. तीन दिवसांची सहल याच ठिकाणी संपली असती. आपली माणसे, आपले खाणे आणि आपले विनोद बरोबर नेऊन आपण परत आलो असतो आणि छायाचित्रे मात्र नव्या ठिकाणाची असती.

बदलाची सुरुवात शिलाँगजवळच्या मॉफ्लांगच्या राईत झाली. ही खासी लोकांची पवित्र राई. येथून पान, फांदी, फळ, काहीही बाहेर न्यायचे नाही, हा तिचा नियम. सह्याद्रीतील देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा नियम ओळखीचा वाटेल. वाट दाखवणाऱ्या खासी तरुणाने नियम सांगितला तेव्हा आमच्या एका मुलाने खिशातले बी मुकाट्याने काढून जमिनीवर ठेवले. मात्र आमच्या मुली-मुलांना भयापुढे मान न तुकवण्याची शिकवण आपणच दिलेली आहे. नववीतल्या एका मुलीने विचारले, "म्हणजे हे जंगल भीतीने राखले ना?" तो हसला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "असेल. तुमच्याकडे न भिणाऱ्यांनी किती राखले?" तिला उत्तर देता आले नाही. मलाही आले नाही. आपल्या डोंगरांची उजाड टेकाडे त्या क्षणी आम्हा दोघांनाही दिसली असावीत.

सोहरा, म्हणजे आपल्या भूगोलातले चेरापुंजी, येथे दुसरा धक्का बसला. १८६०च्या ऑगस्टपासून १८६१च्या जुलैपर्यंतच्या बारा महिन्यांत येथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. बारा महिन्यांच्या पावसाचा तो जागतिक विक्रम आहे. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर जगणाऱ्या भागातली आमची मुले. त्यांना वाटले, येथे पाण्याचे दुःख कसले असणार? नोव्हेंबरात धबधबे बारीक झाले होते आणि बायका डोक्यावरून पाणी आणत होत्या. पठार खडकाळ, मातीचा थर पातळ, उतार तीव्र. पडलेले पाणी पाहता पाहता खाली बांगलादेशाच्या मैदानात उतरते. "इथे पण घागर," एवढेच एक मुलगा म्हणाला. भूगोलाच्या तासाला मी हे दहा वर्षे शिकवत होतो. ते वाक्य म्हणायला त्याला सोहऱ्यापर्यंत यावे लागले.

खासी समाजात मुलांना आईच्या कुळाचे नाव लागते आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते. म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारीही तिचीच. हे ऐकून मुलींनी त्या रात्री हजेरी आईच्या नावाने घेण्याचा हट्ट धरला. मुलांनी आधी कुरकुर केली. तेव्हा आमच्या इतिहासाच्या बाईंनी आठवण करून दिली की, आदल्या वर्षी नाशिकच्या लेण्यांत ज्याचा शिलालेख तुम्ही बोटांनी चाचपडत पाहिला, तो सातवाहन राजा गौतमीपुत्र, म्हणजे गौतमीचा मुलगा, असेच नाव लावत होता आणि तो लेख त्याच्या आईनेच कोरवला होता. हजेरी झाली. पुढे १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने केला, तेव्हा या मुलांना त्यात नवल वाटले नाही. खासी मुलींना सगळेच सोपे असेल, असा निष्कर्ष मात्र मी मुलांना काढू दिला नाही. पाच दिवसांच्या पाहुण्याने यजमानाच्या घरातील भांडणांवर निकाल देऊ नये.

तेजपूरला एक दिवस वाया गेला आणि तो माझ्या चुकीने. अरुणाचलात जाण्यासाठी लागणाऱ्या परवान्याच्या कागदांत एका मुलीचे ओळखपत्र मी विसरलो होतो. त्याची प्रत मागवून परवाना मिळेपर्यंत सगळे अडकून पडले. त्या दिवशी काही कार्यक्रम नव्हता. मुले ब्रह्मपुत्राच्या काठी बसून राहिली. कोणी मासे पकडणाऱ्यांशी खाणाखुणांनी बोलले, कोणी नुसते पाण्याकडे पाहत राहिले. गुवाहाटीला त्याच्याकडे पाठ करून हसणारी हीच मुले होती. नऊ ठिकाणांच्या यादीत असा दिवस बसत नाही, आणि बसला तर त्याला गोंधळ म्हणतात.

दिरांगला मोनपा कुटुंबांत आम्ही चार-चारांच्या गटांनी राहिलो. येथे लोणी आणि मीठ घातलेला चहा मिळतो. आमच्या एका मुलाला तो मुळीच आवडला नाही. म्हणून औषधासारखा एका घोटात संपवावा, असे त्याने ठरवले. पेला रिकामा होताच घरधनीण बाईने तो पुन्हा भरला. त्याने पुन्हा संपवला, तिने पुन्हा भरला. पाचव्या पेल्यानंतर त्याला कळले की, पाहुण्याचा पेला रिकामा राहू द्यायचा नाही ही तेथील रीत आहे आणि नको असेल तर तो भरलेलाच ठेवायचा असतो. या गोष्टीवर आम्ही खूप हसलो. पण हसू ओसरल्यावर मला दुसरेच काही जाणवले. आपली मुले वर्षानुवर्षे ताट घेऊन रांगेत उभी राहतात. त्यांना वाढले जाते, मोजून आणि न्यायाने. त्यांच्यासाठी कोणी जागे राहून पेला भरत बसत नाही. वसतिगृहात राहणारा मुलगा कोणाचा पाहुणा नसतो, आणि त्याच्याकडेही पाहुणा येत नाही. समूहात राहण्याचा त्याला भरपूर सराव असतो. पाहुणा म्हणून वागण्याचा, म्हणजे आपल्याला रीत ठाऊक नाही हे मान्य करून दुसऱ्याच्या घरी सन्मानाने बसण्याचा, मुळीच नसतो. दीर्घ सहलीचे माझ्या मते हेच प्रयोजन आहे. स्थळे पाहायला तीन दिवस पुरतात. पाहुणे व्हायला पुरत नाहीत.

शरीरालाही घाई चालत नाही. बोमदिला आठ हजार फुटांच्या आसपास, सेला खिंड १३,७०० फूट. आम्ही गेलो तेव्हा सेलाचा बोगदा खुला झालेला नव्हता. तो मार्च २०२४मध्ये झाला. तेजपूरहून थेट तवांग गाठा, एक दिवस वाचेल, असा सल्ला आम्हाला मिळाला होता. तो आम्ही मानला नाही आणि दोन मुक्काम केले. तरीही खिंडीत सहा मुलांचे डोके दुखले, दोघांना उलट्या झाल्या. हवा विरळ असली की मोठ्याने बोलताही येत नाही. गोठू लागलेल्या तळ्याच्या काठी आमचे बेचाळीस जण पहिल्यांदाच एकाच वेळी गप्प झाले.

आता तवांगच्या गोम्पाविषयी, ज्यावर परत आल्यानंतर सर्वाधिक चर्चा झाली. १६८०-८१च्या सुमारास मेराक लामांनी स्थापिलेला हा विहार भारतातला सर्वांत मोठा गोम्पा आहे. ३१ मार्च १९५९ रोजी सीमा ओलांडून आलेले दलाई लामा याच तवांगमध्ये येऊन राहिले होते. पाहुणा कधी निर्वासितही असतो, हे त्या गावाला ठाऊक आहे. आमच्या मुलांची अपेक्षा अशी की, बुद्धाचे घर म्हणजे आपलेच घर. आत भव्य बुद्धमूर्ती होतीच. पण भिंतींवर रौद्र मुखांची रक्षक दैवते, लोण्याचे दिवे, धूप, फिरणारी प्रार्थनाचक्रे. मुले गोंधळली. नववीतल्या एका मुलाने एका लामांना हिंदीत सरळ विचारले, "बुद्धांनी देव मानायला सांगितले नाही, मग तुम्ही हे का करता?"

मी त्याला गप्प केले आणि लामांची क्षमा मागितली. अठरा दिवसांतली माझी सर्वांत मोठी चूक तीच. लामांनी मला हातानेच थांबवले आणि मुलाला विचारले, "तुमच्या शाळेत भिंतीवर कोणाचे चित्र आहे?" त्याने बुद्ध आणि बाबासाहेब असे सांगितले. "त्यांच्यापुढे काय करता?" "फुले वाहतो. मेणबत्ती लावतो." "का?" "आदर म्हणून. पूजा म्हणून नाही." लामा म्हणाले, "तुला हा फरक कसा कळतो, ते मला सांग." मुलगा विचारात पडला. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली आणि ते उठून गेले.

येथे मला माझी भूमिका लपवायची नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला स्वीकारलेला धम्म आणि तवांगचा धम्म एकच आहेत, असे गुळमुळीत सांगणे मला पटत नाही. बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ ज्याने वाचला आहे, त्याला तो भेद दिसणारच, आणि दिसावा. त्या मुलाचा प्रश्न रास्त होता. तो प्रश्न त्याने दूर बसून, टिंगल करत विचारला नाही. आदल्या दोन रात्री त्यांच्यातल्याच एका घरी जेवून, भरलेल्या पेल्यांचा मान राखून, समोरासमोर विचारला. म्हणूनच त्याला तितकाच सरळ प्रतिप्रश्न मिळाला. शिक्षक म्हणून मी सौजन्य शिकवायला गेलो आणि त्या दोघांमधले खरे सौजन्य मला ओळखू आले नाही.

आणखी एक गोष्ट मुलांनी परतीच्या गाडीत मोजली. अठरा दिवसांत त्यांना गाव विचारले गेले, भूक विचारली गेली, थंडी वाजते का ते विचारले गेले. आडनाव कोणी विचारले नाही. तेथे विषमता नाही असे यावरून सिद्ध होत नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण मोजणे सोडले नाही.

राहता राहिला खर्च. पैसा खरोखरच कमी आहे. मग दीर्घ सहल दर वर्षी नको, दोन वर्षांनी एकदा काढावी. माजी विद्यार्थ्यांनी निधी उभारावा. त्यांतले कित्येक आज नोकरीत आहेत. नावे मात्र पैसे भरण्याच्या क्रमाने लावू नयेत. ज्यांच्या घराला दिवाळीत कुलूप असते, ती नावे यादीत आधी यावीत. सुरक्षिततेसाठी शिक्षकांची संख्या वाढवावी आणि मुक्काम वाढवून ठिकाणे कमी करावीत. अठरा दिवसांत चार ठिकाणे पुष्कळ झाली. आणि कागदपत्रांची जबाबदारी माझ्याकडे देऊ नये.

तो मुलगा आता अकरावीत आहे. गेल्या महिन्यात विद्यालयात आला होता. लामांच्या प्रश्नाचे उत्तर त्याने चार पानांत लिहून काढले होते. ते पत्र तवांगला पाठवायचे होते आणि हिंदी तपासून हवे होते. मी शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या. मजकुराला हात लावला नाही.