पाठ केलेले विज्ञान आणि समजलेले विज्ञान

विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनांत आज प्रतिकृतीपेक्षा तिच्याशेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहण्याची गरज आहे

राष्ट्रीय विज्ञानदिनी, २८ फेब्रुवारीला, शाळांच्या सभागृहांत टेबले मांडली जातात आणि त्यांपैकी एखाद्या तरी टेबलावर ज्वालामुखी हमखास असतो. कागदाच्या लगद्याचा शंकू, माथ्याशी खळगा आणि खळग्यात खाण्याचा सोडा. त्यावर लाल रंग मिसळलेले व्हिनेगर ओतले, की फेस उसळतो. पालक टाळ्या वाजवतात, शेजारी उभा असलेला विद्यार्थी पाठ केलेली चार वाक्ये म्हणून दाखवतो आणि परीक्षक पुढच्या टेबलाकडे वळतात.

या प्रयोगात विज्ञान आहे, पण ते ज्वालामुखीचे नाही. सोडा आणि आम्ल यांच्या अभिक्रियेतून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि फेस येतो. हा रसायनशास्त्राचा धडा झाला. ज्वालामुखीत खोल भूगर्भात वितळलेला शिलारस वर येतो, वर येताना त्याच्यावरील दाब घटतो आणि त्यात विरघळलेले वायू मोकळे होतात. विशेष म्हणजे, महाराष्ट्राचा बराचसा भूभाग ज्या लाव्हारसाने घडवला, तो अशा शंकूतून आलेलाच नव्हता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो वाहिला, थरांवर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेश या खडकाने व्यापलेला आहे. अजिंठा-वेरूळची लेणी त्यातच कोरली गेली आणि घरोघरचे पाटे-वरवंटेही त्याच काळ्या पाषाणाचे. सह्याद्रीच्या एखाद्या घाटातून उचललेला सच्छिद्र दगड दाखवून ‘ही भोके म्हणजे लाव्हारस थिजताना आत अडकलेले वायूचे बुडबुडे’ एवढे जरी विद्यार्थ्याने सांगितले, तरी त्याने रंगीत फेसापेक्षा कितीतरी अधिक विज्ञान सांगितलेले असते.

उपक्रमांची वाण नाही

विद्यार्थ्यांनी विज्ञान समजावून सांगावे, यासाठी देशात आणि राज्यात उपक्रमांची वाण नाही. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली लावलेल्या शोधाच्या स्मरणार्थ १९८७पासून विज्ञानदिन साजरा होतो. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने तर दहा ते सतरा वर्षे वयाच्या मुलांना आपल्याच परिसरातील प्रश्न निवडून त्याचा अभ्यास करण्यास आणि तो आपल्या भाषेत मांडण्यास सांगितले. मुंबईत सुरू झालेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही लेखी परीक्षेच्या जोडीला प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असते. या सर्वांमागील हेतू स्वच्छ आहे. मुलाने वाचलेले किती, यापेक्षा त्याला उमगलेले किती, हे पाहणे.

मात्र स्पर्धा आली, की तिची तयारी करून देणारे येतात. बालवैज्ञानिक होण्यासाठीही शिकवण्या निघाल्या. प्रतिकृती बाजारात तयार मिळू लागल्या आणि काही घरांत प्रकल्प हा पालकांचाच गृहपाठ झाला. अशा वेळी मुलाच्या वाट्याला उरते ते फक्त निवेदन. ते अस्खलित असते, पण मधेच कोणी प्रश्न विचारला, तर त्याला पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागते.

खोडदची जाळी

याहून वेगळे चित्र पाहायचे असेल, तर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील खोडदकडे पाहावे लागेल. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात विज्ञानदिनी शाळा-महाविद्यालयांच्या प्रकल्पांचे प्रदर्शन भरत आले आहे. ते पाहण्यास शेतकरी कुटुंबेही येतात. आजूबाजूच्या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत आणि त्या पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. कोणाही चौकस माणसाच्या मनात पहिली शंका येईल ती हीच: जाळीतून पाणी गळते, वारा जातो, मग आकाशातून येणाऱ्या लहरी कशा अडतात?

याचे उत्तर पाठांतरातून येत नाही. ही दुर्बीण ज्या रेडिओ लहरी टिपते, त्यांची लांबी वीसएक सेंटिमीटरपासून दोन मीटरहूनही अधिक असते. जाळीतील दोन तारांमधील अंतर मात्र दहा ते वीस मिलिमीटर. लहरीच्या लांबीच्या तुलनेत भोक फारच लहान असल्याने लहरीच्या दृष्टीने ती जाळी अखंड पत्र्यासारखीच ठरते. वाऱ्याला मात्र वाट मिळते, त्यामुळे तबकडीवरील भार कमी होतो आणि बांधणीचा खर्चही वाचतो. ज्याला हे कळले आहे, तो विद्यार्थी याच सूत्राने घरातल्या मायक्रोवेव्ह भट्टीकडेही बोट दाखवू शकेल. तिच्या काचेच्या दारातही छिद्रांची जाळी असते. आतील सुमारे बारा सेंटिमीटर लांबीच्या लहरी तिच्यातून बाहेर पडू शकत नाहीत, पण प्रकाशाच्या लहरी अतिसूक्ष्म असल्याने आतला पदार्थ दिसतो. एका ठिकाणचे तत्त्व दुसऱ्या ठिकाणी ओळखता येणे, ही आकलनाची खरी खूण होय.

भाषेचा अडसर

येथे भाषेचा प्रश्न अपरिहार्यपणे येतो. सेमी-इंग्रजी वर्गांतील मुले गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकतात. त्यांना ‘रिफ्लेक्शन’ ठाऊक असते, ‘परावर्तन’ परके वाटते. समोर उभ्या असलेल्या आजीला या दोन्ही शब्दांचा उपयोग नसतो. ‘आरशावर पडलेला कवडसा भिंतीवर जातो तसे’ असे म्हटले, की तिला कळते. परिभाषा आवश्यकच आहे. वस्तुमान आणि वजन यांतील फरक तिच्यावाचून सांगता येणार नाही. पण शब्द माहीत असणे म्हणजे गोष्ट माहीत असणे नव्हे. विद्यार्थ्याला तो शब्द बाजूला ठेवून बोलायला लावले, की त्याला किती समजले आहे ते लगेच उघड होते, आणि बहुधा ते सर्वप्रथम त्याच्याच लक्षात येते.

समजावणे हेच काम

समजावून सांगणे ही विज्ञानाची शोभेची बाजू आहे, असा एक समज आहे. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या उपग्रहांनी तो खोटा ठरवला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलो वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी आणि मुंबई आयआयटीचा सुमारे दहा किलोचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला अवकाशात गेला. दोन्ही प्रकल्पांना आठ-नऊ वर्षे लागली. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. म्हणजे ज्यांनी पहिली रेखाटने काढली, ते उड्डाणाच्या कितीतरी आधी महाविद्यालयातून बाहेर पडलेले होते. ‘स्वयम्’ला अवकाशात दिशा देण्यासाठी मोटारी नव्हत्या, होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेणारे चुंबक होते. ही रचना का निवडली, हे प्रत्येक तुकडीने पुढच्या तुकडीला पटेल असे सांगितले नसते, तर काम तेथेच थांबले असते.

अपयशाचेही तसेच आहे. देशभरातील ७५ शाळांमधील ७५० मुलींचा सहभाग असलेला ‘आझादीसॅट’ ७ ऑगस्ट २०२२ रोजी योग्य कक्षेत पोहोचू शकला नाही. संवेदकातील बिघाड ओळखून त्यावर मात करण्याची प्रक्षेपकातील तर्कप्रणाली अपुरी पडल्याचे इस्रोने जाहीरपणे सांगितले आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसरा ‘आझादीसॅट’ अवकाशात गेला. शालेय प्रदर्शनांत मात्र न चाललेल्या प्रयोगाला जागाच नसते. तो टेबलाखाली सरकवला जातो.

हे बदलण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. परीक्षकांनी प्रतिकृतीच्या रंगरंगोटीऐवजी दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला गुण द्यावेत. फसलेला प्रयोग का फसला, हे सांगणाऱ्यालाही बक्षीस मिळावे. आणि ‘मला ठाऊक नाही, पण शोधून सांगतो’ असे म्हणणाऱ्या मुलाचे गुण कापले जाऊ नयेत. ते वाक्य प्रामाणिकपणे उच्चारणारा विद्यार्थी त्याच क्षणी विज्ञानाच्या वाटेवर पहिले पाऊल टाकत असतो.