पाणी ओसरले, पंचनामा कुणाचा?

पवनेला पूर आला की ‘निसर्गापुढे कुणाचे चालते?’ असे म्हणून अधिकारी मोकळे होतात. पण पिंपळे गुरव, कासारवाडी, सांगवी, दापोडी या नदीकाठच्या भागांत पाणी सगळ्यांच्या घरात सारखे शिरत नाही. आधी बुडते ती सखल भागातली पत्र्याची खोली. तिच्यात राहतो तो बहुधा मराठवाडा-विदर्भातून भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला आलेला आपलाच माणूस. गावात दुष्काळ, शहरात पूर! हवामान बदलाचे दोन्ही फटके एकाच कुटुंबाला.

आणि हा बदल काल्पनिक नाही. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या व्यापक घटना तिपटीने वाढल्या. मावळात असा पाऊस कोसळला आणि पवना धरण भरलेले असले, की विसर्ग करावाच लागतो. राडारोडा टाकून नदीपात्र अरुंद कुणी केले, हे मात्र पंचनाम्यात कधी येत नाही.

खरी मेख पंचनाम्यातच आहे. २०१९ च्या पुरात मोफत धान्यासाठी घर दोन दिवस पाण्याखाली असण्याची अट शासन निर्णयात होती. पवनेचे पाणी रात्रीत चढते आणि विसर्ग घटला की उतरते. म्हणून पिठाचा डबा, मुलांची पुस्तके, जातीचा दाखला भिजत नाही काय? त्यातून भाडेकरूचे आणखी वेगळे. भिंती मालकाच्या, भिजलेला संसार भाडेकरूचा. त्याच्याकडे भाडेकरार नाही, रेशनकार्ड गावाकडचे. गेलेली भांडी कुणाच्या नावावर लिहिणार?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चे कलम १२ निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार यांचे किमान निकष ठरवायला सांगते. कलम ६१ नुसार मदत आणि भरपाईत लिंग, जात, समाज, वंश वा धर्मावरून भेदभाव करता येत नाही. आणि २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. के. रणजितसिंह प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ व २१ मध्ये मान्य केला. खटला माळढोक पक्ष्याचा होता. निदान आता तो हक्क पत्र्याखालच्या माणसापर्यंत पोहोचू द्या.

खिचडीच्या पाकिटावर समाधान मानू नका. कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच पूररेषेतील भाडेकरूंची घरनिहाय यादी करून तहसीलदार व महापालिकेला द्यावी. कामावरचे ओळखपत्र, मुलांचा शाळेचा दाखला, शेजाऱ्यांचे जबाब हा रहिवासाचा पुरावा धरावा, अशी मागणी त्याच अर्जात लिहावी. पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.