दंड झाला; रोग गेला काय?

आम्ही शिकवीत असतां एका वर्गांत संस्कृत शब्दकोशाची एकच प्रत होती. ती एका सधन घरच्या मुलानें सदैव आपल्या बाकावर ठेवावी व इतरांनीं त्याची मनधरणी करावी, असा प्रघात पडला. आम्हीं त्यास पांच रुपये दंड केला. तो त्यानें हंसत हंसत भरला आणि दुसरे दिवशीं कोश पुन्हां त्याच्याच बाकावर! अखेर कोश मेजावरच राहावा, ज्यास हवा त्यानें तेथें येऊन पाहावा व एका मुलानें त्याची नोंद ठेवावी, असा नियम आम्हीं केला. तेव्हां कोठें इतरांस कोश उघडावयास मिळाला.

ही जुनी गोष्ट आठवण्यास कारण गूगल कंपनीचा खटला. शोधयंत्राच्या धंद्यांत या कंपनीनें आपली मक्तेदारी बेकायदेशीर रीतीनें टिकविली, असा निर्णय अमेरिकेंतील न्यायाधीश अमित मेहता यांनीं ऑगस्ट २०२४ मध्यें दिला. निदान झालें, परंतु औषध कोणतें, हें ठरावयास सप्टेंबर २०२५ उजाडला. हा प्रश्न परक्या देशाचा म्हणून वाचकांनीं सोडून देऊं नये. घरीं नवा मोबाइल येतो तेव्हां गूगलची चौकट बहुधा त्यांत आधींच बसलेली असते. अॅपल, सॅमसंग इत्यादिकांच्या यंत्रांत ही पहिली जागा मिळावी म्हणून कंपनीनें २०२१ या एका सालांत २६०० कोटींहून अधिक डॉलर मोजले.

संगनमतानें माल अडवून भाव बिघडविणाऱ्या व्यापाऱ्यांस कौटिल्यानें सहस्र पण दंड सांगितला आहे. त्या काळीं तो वर्मीं लागत असेल. आजच्या प्रचंड कंपन्यांस मात्र दंड हा धंद्याचा एक खर्चच होऊन बसतो. भारतीय स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें गूगलला १३३७.७६ कोटी रुपये दंड केला. रक्कम ऐकून आपली छाती दडपते. पण वरील डॉलरांशीं ती ताडून पाहावी! त्या हुकुमांत दंडाहून मोलाचीं होतीं तीं आयोगाचीं बंधनें. मोबाइल प्रथम सुरू करतांनाच शोधयंत्र निवडण्याची मोकळीक ग्राहकास द्यावी, हें त्यांपैकीं एक.

परंतु औषधही पोकळ असूं शकतें. २००४ सालीं युरोपीय आयोगानें मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड केला आणि गाणीं व चलच्चित्रें दाखविणारा आपला कार्यक्रम वगळूनही विंडोज विकावी, असा हुकूम दिला. कंपनीनें तशी विंडोज विकावयास काढिली, पण किंमत तीच! कमी माल त्याच भावानें कोण घेणार? पुढें २००९ सालीं ग्राहकापुढें निरनिराळ्या ब्राउझरांची यादी मांडण्याचें कंपनीनें कबूल केलें. तथापि मे २०११ पासून जुलै २०१२ पर्यंत सुमारें दीड कोटी संगणकांवर ती यादी दिसलीच नाहीं. कंपनी म्हणाली, तांत्रिक चूक झाली. २०१३ सालीं ५६.१ कोटी युरो दंड झाला खरा, पण मधले चौदा महिने गेले ते गेलेच. औषध लिहून दिलें. पथ्य पाहावयास कोणी नव्हतें.

शस्त्रक्रियेचीही उदाहरणें आहेत. अमेरिकेंत १९११ सालीं स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे झाले. १९८४ सालीं ए. टी. अँड टी. या टेलिफोन कंपनीपासून सात प्रादेशिक कंपन्या निराळ्या झाल्या. तेथें सांधा उघड दिसत होता: गांवोगांवचीं टेलिफोन-केंद्रें एकीकडे, दूर अंतराच्या तारा दुसरीकडे. गूगलला क्रोम ब्राउझर विकावयास लावावा, ही सरकारची मागणी मेहता यांनीं मान्य केली नाहीं. इतरांस वगळणारे करार त्यांनीं मना केले आणि शोधांतून जमलेल्या माहितीचा कांहीं भाग पात्र प्रतिस्पर्ध्यांस देण्यास सांगितलें. मुदत सहा वर्षें. देखरेखीस तज्ज्ञांची समिति. पहिल्या जागेसाठीं पैसे मोजण्यास मात्र सरसकट बंदी केली नाहीं.

माहितीची ही वांटणी आम्हांस दंडाहून शतपट महत्त्वाची वाटते. कोट्यवधि लोक ज्यास प्रश्न विचारतात, तें यंत्र त्या प्रश्नांवरच शिकतें. ज्याच्याकडे कोणी फिरकत नाहीं, तें शिकणार कशावर? कोश एकाच बाकावर राहतो तो असा. पैशाची वाट मोकळी राहिली, ही उणीव मात्र आम्हांस खटकते. सहा वर्षांनीं पाहावयाचें तें हें कीं, दुसरें एखादें शोधयंत्र स्वबळावर उभें राहिलें काय? उत्तर ‘नाहीं’ असें आल्यास औषध बदललें पाहिजे. आणि समितीविषयीं एवढेंच सांगतों: कोशाची नोंद ठेवण्यास आम्हीं जो मुलगा नेमिला, तो त्या सधन मुलाच्या बाकावर बसणारा नव्हता.