नकाशावर विहीर आहे, बौद्धवाडी कुठे आहे?

भूजलाचा अभ्यास आता संगणकावर होतो. खडक, उतार, माती, ओढे-नाले यांचे थर जीआयएसमध्ये एकमेकांवर ठेवायचे, प्रत्येक थराला कमी-जास्त गुण द्यायचे आणि पाणी कुठे मुरेल, कुठे लागेल ते रंगांनी दाखवायचे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा. त्यात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते, म्हणून एक विहीर भरलेली तर शेजारची कोरडी. अशा प्रदेशात हे शास्त्र हवेच. आमचा त्याला विरोध नाही.

पण जमिनीखाली पाणी कुठे आहे हे खडक ठरवतो; ते कोणाच्या घागरीत पडणार हे खडक ठरवत नाही. १८८२च्या इझमेंट कायद्यापासून जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी उपसण्याचा हक्क त्याचा. २००९च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतांना संरक्षण दिले. तरी ज्याला जमीन नाही त्याला विहीर नाही, हे वास्तव कायम आहे. बंधारा झाला, पातळी वाढली, नकाशा निळा झाला. उपसा मात्र विहीरवाल्याचा. मग भूमिहीन बौद्ध, मातंग, आदिवासी कुटुंबाला काय मिळाले?

कोणी म्हणेल, भूजलशास्त्रात जात कशाला आणता? जात आम्ही आणलेली नाही, ती पाणवठ्यावर आधीपासूनच बसली आहे. चवदार तळे कागदावर खुलेच होते. १९२३चा बोले ठराव होता, महाड नगरपालिकेचाही ठराव होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले आणि कोर्टातली लढाई १९३७पर्यंत चालली. कागदावरचे पाणी आणि ओंजळीतले पाणी यांतले अंतर आपल्याइतके कोणाला माहीत आहे?

कॉटन ग्रीनच्या तरुणांना वाटेल, आपल्या पायाखाली समुद्रातला भराव, पाणी नळाचे, आपला काय संबंध? ज्या कापसाने या भागाला नाव दिले तो काळ्या मातीतून आला, आणि आपल्यातल्या अनेकांचे आजोबा-पणजोबा गावकुसाबाहेरून. ते गाव अजून सुटलेले नाही.

म्हणून मे महिन्यात गावी गेलात की मोबाईलवर प्रत्येक सार्वजनिक पाणवठ्याचे स्थान नोंदवा. पाणी किती खोल, वस्तीपासून किती लांब, कोण भरते, कोणाला अडवतात, हे लिहा. क्यूजीआयएस मोफत आहे; या नोंदींचा थर सरकारी भूजल नकाशावर चढवा आणि ग्रामसभेत मांडा. पुढचा बंधारा, पुढची विहीर कुठे, हे ठरवताना वस्तीचा थर मोजलाच पाहिजे, ही आपली मागणी असली पाहिजे.

शिकलात, संगणक हाती आला. आता तो पाण्याच्या हक्कासाठी चालवा.

जय भीम!